केसगळतीची कमी डोसची गोळी: सुरू करायच्या आधी, घेताना आणि बंद करताना काय काय बघायचं

मागच्या महिन्यात मामेभावाचा मेसेज आला, दादा तू ती केसांची गोळी घेतोस ना, मी पण चालू करू का, मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच देतोय. वय २४. मी म्हटलं थांब, आज घेऊ नकोस, रात्री फोन कर. रात्री दीड तास बोललो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं लिहूनच काढावं, कारण मी २९ चा असताना मला यातलं कोणीच काही सांगितलं नव्हतं.

आधी स्पष्ट सांगतो, मी डॉक्टर नाही. ही केसांची गोळी म्हणजे फिनास्टेराइड, ती घेऊन मला नऊ वर्षं झाली, मध्ये सात महिने बंद होती, आणि तोंडाने घ्यायचं मिनॉक्सिडिल, हे केसांचंच दुसरं औषध, दोन वर्षांपासून चालू आहे. पहिल्या वेळी मी एका क्लिनिकमध्ये गेलो होतो, तिथे दहा मिनिटांत एक पिशवी हातात दिली, त्यात गोळी, डोक्याला लावायचं औषध, बायोटिन, शांपू आणि कसलंतरी सीरम, आणि सांगितलं की उद्यापासून सगळं चालू करा. चार महिन्यांनी माझा मूड उतरलेला, लैंगिक इच्छा कमी झालेली, सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. आता हे गोळीमुळे का त्याच सुमाराला नोकरी बदलली म्हणून का बाबांचं ऑपरेशन झालं त्याच्या ताणाने, मला काहीच सांगता येईना, कारण पाच गोष्टी एकदम चालू केल्या होत्या आणि त्याआधी माझं नॉर्मल काय होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यातलं एकच धरायचं असेल तर हे धरा, पहिली गोळी घ्यायच्या आधी आजची स्वतःची अवस्था लिहून ठेवा.

आधी हे गळणं कुठलं आहे ते ठरवा

पुरुषांचं नेहमीचं टक्कल म्हणजे कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात, भोवऱ्यापाशी विरळ होतं, आणि डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या वरचा पट्टा शाबूत राहतो. डॉक्टर हे नॉरवुडच्या स्केलवर १ ते ७ मध्ये मोजतात. यात केस एकदम झडत नाहीत, त्याच जागी येणारा प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक येतो आणि शेवटी लव उरते. फिनास्टेराइड याच प्रकाराला लागू पडतं, बाकीच्यांना नाही.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड झाला आणि दिवाळीच्या आसपास आंघोळ करताना मूठ मूठ केस यायला लागले तर ते बहुतेक वेळा तापाचं गळणं असतं, ताप आल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप भरून येतं. क्रॅश डाएट केलं, ऑपरेशन झालं, तरी असंच होतं. चट्टे पडून नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली तर तो चाईचा प्रकार, तो पूर्ण वेगळा. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगावच्या आसपासच्या गावांमध्ये काही दिवसांत माणसांची डोकी साफ झाली होती, त्यात बायका आणि मुलंही होती आणि गव्हातल्या सेलेनियमवर संशय गेला, ते सुद्धा यातलं नाही. इतक्या पटकन आणि इतक्या सगळ्यांना झालं म्हणजे ते टक्कल नव्हे.

म्हणून स्किनच्या डॉक्टरकडे जा, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा त्वचारोगात केलेला माणूस. नुसती ट्रायकोलॉजिस्ट, म्हणजे केसांचा तज्ज्ञ, अशी पाटी असेल तर आतला माणूस डॉक्टर आहेच असं नाही, डिग्री विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, लावून बघतो की एकाच जागी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ झालीये का, दोन मिनिटांचं काम आहे, पण औषध लागू पडणार की नाही हे बऱ्यापैकी तिथेच कळतं. रक्ताच्या तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढं साधारण सांगतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, तेव्हा टेस्टच्या आधी काही दिवस त्या बंद करायच्या का ते डॉक्टरला विचारा आणि लॅबलाही सांगा. मला हे कोणी सांगितलं नाही, माझी टेस्ट दोनदा करावी लागली.

१८ च्या खालच्या मुलांसाठी फिनास्टेराइड नाहीच, कोणीही दिलं तरी.

गोळी आत जाऊन करते काय

टेस्टोस्टेरॉनचं एका एन्झाइममुळे डीएचटी नावाच्या हार्मोनमध्ये रूपांतर होतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही, घराण्यातून तसं आलेलं असतं, त्यांचे केस बारीक होत जातात. फिनास्टेराइड त्या एन्झाइमला अडवतं. यामागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती समजली की दुष्परिणाम कुठून येतात ते पण समजतं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका गावात काही मुलं अशी होती की जन्मतः मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी यावर संशोधन छापलं, की यांच्यात ते एन्झाइमच कमी आहे म्हणून डीएचटी कमी. ही माणसं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, लहान राहायची आणि टक्कल पडायचं नाही. तिथून धागा पकडून मर्क कंपनीने औषध केलं, १९९२ ला अमेरिकेत ५ मिलिग्रॅम प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि डिसेंबर १९९७ ला १ मिलिग्रॅम केसांसाठी. म्हणजे हे हार्मोनच्या वाटेवर बसणारं औषध आहे, केसांचं टॉनिक नाही. आपल्याकडेही ते शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही असा नियम आहे, मेडिकलवाला काहीही म्हणो.

फायदा किती? सुरुवातीच्या मोठ्या ट्रायलमध्ये १८ ते ४१ वयाची १५५३ माणसं होती. दोन वर्षांनी फोटो बघून तज्ज्ञांनी ठरवलं तेव्हा गोळीवाल्यांपैकी ६६ टक्के लोकांचे केस वाढलेले दिसले आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवाल्यांपैकी ७ टक्के लोकांचे. पाच वर्षांनी गोळीवाल्यांमध्ये ४८ टक्के सुधारले, ४२ टक्के होते तिथेच राहिले, १० टक्के मागे गेले, तर खोट्या गोळीवाल्यांमध्ये ७५ टक्के मागे गेले. माझ्या दृष्टीने यातला ४२ चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. या गोळीचं खरं काम थांबवणं हे आहे, उगवणं हे वरचं मिळालं तर मिळालं. आणि भोवऱ्यावर जेवढी चालते तेवढी पुढच्या कोपऱ्यांवर चालत नाही.

कमी डोस म्हणजे किती, आणि अर्धी गोळी म्हणजे अर्धा त्रास का नाही

हा मुद्दा नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जण फसतात, मी पण फसलो होतो.

केसांसाठीचा १ मिलिग्रॅम हाच मुळात कमी डोस आहे, प्रोस्टेटच्या पाचव्या हिश्श्याचा. त्याहून खाली गेलं तर काय होतं हे पण तपासलेलं आहे. १९९९ च्या अभ्यासात वेगवेगळे डोस देऊन रक्तातलं डीएचटी मोजलं, ०.२ मिलिग्रॅमवर ते सुमारे ६९ टक्के खाली आलं, १ वर सुमारे ७१, आणि ५ वर सुमारे ७२. बघा म्हणजे, पंचवीसपट औषध वाढवलं आणि फरक पडला तीन-चार टक्क्यांचा. डोक्याच्या कातडीतल्या डीएचटीचं पण साधारण तसंच, ०.२ वर ५७ च्या आसपास आणि १ वर ६४. जपानमध्ये म्हणूनच २००५ पासून ०.२ आणि १ अशा दोन्ही गोळ्या मंजूर आहेत. खूपच खाली, ०.०१ वर गेलं की केसांना काही उपयोग झाला नाही.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. चांगली बाजू ही की १ ऐवजी अर्धी किंवा पाव गोळी घेतली तर केसांचं फार नुकसान होत नाही, औषधही कमी जातं शरीरात. पण दुसरी बाजू लोक सांगत नाहीत, ती म्हणजे हार्मोन जवळपास तेवढाच खाली येतो, त्यामुळे हार्मोन खाली आल्याने जो त्रास व्हायचा तो अर्ध्या गोळीने अर्धा होईल हे गृहीत धरू नका. मला अर्ध्यावर आल्यावर बरं वाटलं हे खरं आहे, पण ते अर्ध्या डोसमुळे का मन शांत झाल्यामुळे हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

दिवसाआड घेतली तर चालते का, हे पण सगळे विचारतात. औषध रक्तातून पाच-सहा तासांत निम्मं होतं पण एन्झाइमला चिकटून बसतं आणि तिथून लवकर सुटत नाही, बंद केल्यावर डीएचटी पूर्ववत यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे दिवसाआड घेण्यात तर्क आहे. बरेच डॉक्टर तसं देतात. फक्त एवढं लक्षात घ्या की वरचे ६६ टक्के आणि ४८ टक्के हे आकडे रोज १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे आहेत.

गोळी तोडायची असेल तर मेडिकलमध्ये गोळी तोडायचा छोटा कटर मिळतो, सुरीने तोडली की चुरा होतो. आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा होण्याची शक्यता असेल तर तुटलेल्या गोळीला त्या बाईने हातसुद्धा लावायचा नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या गोळीवर कोटिंग असतं म्हणून ती चालते, तुटलेली नाही. ५ ची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे चार-पाच तुकडे करणारे खूप आहेत, त्यांच्या घरी हा चुरा सगळीकडे असतो, हे मला अजिबात पटत नाही.

वही करा, चार आठवडे आधीपासून

हे कंटाळवाणं आहे, पण करा. मोबाइलमधल्या नोट्समध्ये केलं तरी चालेल. गोळी सुरू करायच्या आधी चार आठवडे, दर रविवारी, दहापैकी मार्क द्या: झोप कशी होती, मूड कसा होता, कामात लक्ष लागलं का, इच्छा किती होती, सकाळचा ताठरपणा आठवड्यातून किती दिवस होता, संबंध ठेवताना काही अडचण. त्याखाली एक ओळ, या आठवड्यात वेगळं काय घडलं, म्हणजे बॉसशी भांडण, पोरगं आजारी, जागरण, प्रवास, जे असेल ते. तोंडाने मिनॉक्सिडिल घ्यायचं असेल तर वजन, बीपी आणि नाडी पण लिहा.

चार आठवड्यांतच तुमच्या लक्षात येईल की गोळी न घेतासुद्धा हे मार्क वरखाली होतात. माझा इच्छेचा आकडा एका आठवड्यात ८ आणि पुढच्या आठवड्यात ४ होता, गोळी नसताना. हे दिसलं नसतं तर गोळी चालू झाल्यावर पहिल्या ४ ला मी घाबरून गेलो असतो.

आणि फोटो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच बाथरूममध्ये, त्याच दिव्याखाली, केस कोरडे, केसांची लांबी साधारण तेवढीच, कटिंगनंतर चार दिवसांनी असं ठरवून टाका. पुढून, दोन्ही कोपरे, वरून, भोवरा. ओल्या केसांचा फोटो आणि कोरड्या केसांचा फोटो शेजारी ठेवून जे दाखवतात त्याला काही अर्थ नाही. आरशात रोज बघू नका, रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

सुरुवात करताना एका वेळी एकच औषध

दोन औषधं घ्यायचीच असतील तर दोन्हींमध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवा असं मी सांगेन, डॉक्टरशी बोलून. कुठलं आधी ते तुमच्यावर, ज्याला गोळीची भीती आहे त्याने डोक्याला लावायच्या ५ टक्के मिनॉक्सिडिलपासून सुरुवात केली तर बिघडत नाही.

पण इथे एक मोठी गंमत नसलेली गोष्ट आहे. आपल्याकडे लावायच्या मिनॉक्सिडिलच्या बऱ्याच बाटल्यांमध्ये फिनास्टेराइड पण मिसळलेलं असतं, नाव जवळपास सारखंच, पुढे फक्त एक अक्षर जास्त असतं. माणूस म्हणतो मी फिनास्टेराइड घेत नाही आणि रोज रात्री डोक्याला तेच लावून झोपतो. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. लावलेलं फिनास्टेराइड रक्तात कमी जातं पण जातं, ०.२५ टक्के स्प्रेच्या ट्रायलमध्ये रक्तातलं डीएचटी सुमारे ३५ टक्के खाली आलं होतं, गोळीने ५६ टक्के. एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पण लावायच्या, ऑर्डरप्रमाणे मिसळून दिलेल्या फिनास्टेराइडबद्दल इशारा दिला, कारण लोकांना गोळीसारखेच त्रास झाल्याचे रिपोर्ट आले आणि अनेकांना ते होऊ शकतात हे सांगितलेलंच नव्हतं.

ड्युटास्टेराइड या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाबद्दल थोडक्यात. ते जास्त जोरदार आहे, डीएचटी ९० टक्क्यांच्या वर खाली आणतं, कोरिया आणि जपानमध्ये केसांसाठी मंजूर आहे. पण शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे त्रास झाला तर बंद केल्यावरही ते महिनोन् महिने आत राहतं. पहिलं औषध म्हणून मी तरी कोणाला सुचवणार नाही. आणि बाबांच्या प्रोस्टेटच्या स्ट्रिपमधून काढून घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा सोबत टॅम्सुलोसिन हे दुसरं औषध असतं, उभं राहिल्यावर चक्कर येते त्याने.

दुष्परिणाम, आकड्यांत आणि आकड्यांबाहेर

ट्रायलमधले आकडे असे, इच्छा कमी होणं १.८ टक्के, खोट्या गोळीवर १.३. ताठरपणाची अडचण १.३, खोट्या गोळीवर ०.७. वीर्याचं प्रमाण कमी होणं किंवा त्या बाबतीतली अडचण १.२, खोट्या गोळीवर ०.७. यातलं काही ना काही झालेले एकूण ३.८ टक्के विरुद्ध २.१. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, हे खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट, भीती पण लक्षणं तयार करते. इटलीत प्रोस्टेटच्या रुग्णांवर २००७ ला छापलेला अभ्यास आहे, सगळ्यांना ५ मिलिग्रॅमचीच गोळी, पण अर्ध्यांना सांगितलं की लैंगिक त्रास होऊ शकतो आणि अर्ध्यांना नाही सांगितलं. सांगितलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्के लोकांनी त्रास झाला असं सांगितलं, न सांगितलेल्यांपैकी १५. म्हणून रात्री दोन वाजता लोकांचे भयानक अनुभव वाचत बसू नका.

पण, आणि हे पण मी तेवढ्याच गंभीरपणे सांगतोय, याचा अर्थ ज्यांना त्रास झाला त्यांचं सगळं डोक्यातलंच आहे असा नाही. काही जणांना गोळी बंद केल्यावरही लैंगिक त्रास राहिल्याचे रिपोर्ट आहेत, एफडीएने २०१२ मध्ये ते लेबलवर घालायला लावलं. ते नेमकं का होतं हे सिद्ध झालेलं नाही, किती जणांना होतं याचा पक्का आकडा नाही, पण होत नाही असं म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा क्वचित होतं असं सांगणारा डॉक्टर निवडा. ज्याला हा छोटासा धोका अजिबात नको आहे त्याने गोळी घेऊ नये, टक्कल हा जीवघेणा आजार नाही, केस बारीक कापून छान राहता येतं आणि हा निर्णय पण तेवढाच शहाणा आहे.

मूडचं तर जास्तच सांभाळा. २०२२ मध्ये एफडीएने आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख लेबलवर आणला, २०२४ मध्ये ब्रिटनने प्रत्येक पाकिटाबरोबर इशाऱ्याचं कार्ड द्यायचं ठरवलं, आणि मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला, फायदा अजूनही धोक्यापेक्षा जास्त आहे असं म्हणतानाच. ज्याला आधी डिप्रेशन होऊन गेलंय किंवा घरात कोणाला होतं त्याने हे स्किनच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं, लपवायचं नाही. आणि बायकोला किंवा ज्यांच्याबरोबर राहता त्यांना सांगा की मी ही गोळी चालू करतोय, माझ्या वागण्यात फरक वाटला तर बोल. माझ्या वेळी मला वाटत होतं मी ठीक आहे, बायको म्हणाली तू तीन आठवडे कोणाशी नीट बोलला नाहीस. उतरलेल्या माणसाला स्वतःचं उतरणं दिसत नाही.

माझा नियम असा आहे, आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला, म्हणजे त्या क्षणी विचार करायला नको. लैंगिक आकडा सलग चार आठवडे आधीच्या सरासरीपेक्षा स्पष्ट खाली राहिला तर डॉक्टरला फोन आणि गोळी थांबवायची. छातीत गाठ, दुखणं, स्तनाग्रातून स्राव, किंवा एका बाजूला फुगणं, त्या आठवड्यातच दाखवायचं. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी आला तरी चार आठवडे नाही, चार तास पण थांबायचं नाही, गोळी बंद, घरच्यांना सांगायचं, डॉक्टर गाठायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

तोंडाने घ्यायचं मिनॉक्सिडिल

याचा हार्मोनशी संबंध नाही म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. मुळात ही बीपीची गोळी आहे, १९७९ पासूनची, दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी, १० ते ४० मिलिग्रॅम डोस असायचा आणि घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायचे, तिथून केसांचं औषध निघालं. केसांसाठी ०.२५ ते ५ मिलिग्रॅम देतात, पुरुषांना साधारण २.५ ते ५, आणि हा वापर लेबलबाहेरचा आहे, म्हणजे गोळीला केसांसाठी मंजुरी नाही, डॉक्टरच्या जबाबदारीवर. १४०४ रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत अंगावर, चेहऱ्यावर केस वाढणं १५ टक्के, चक्कर १.७, अंगात पाणी धरणं १.३, धडधड ०.९ असे आकडे आले, आणि त्रासामुळे सोडून देणारे १.७ टक्केच. पण ५ मिलिग्रॅमची गोळी लावायच्या औषधापेक्षा भारी असते असा समज आहे तो खरा नाही, २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या ९० पुरुषांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी दोन्ही साधारण सारखेच निघाले. लावायचं औषध चिकट वाटतं, खाज येते, रोज दोनदा जमत नाही, अशांसाठी गोळी. नुसती हौस म्हणून नको.

सुरू करायच्या आधी बीपी, नाडी, आणि हृदयाचा काही इतिहास असेल तर ईसीजी आणि फिजिशियनचा होकार. बीपीची किंवा ताठरपणाची दुसरी गोळी चालू असेल तर ती सांगा, सगळी मिळून बीपी खाली आणतात. मी अडीचची अर्धी, म्हणजे १.२५ पासून रात्री झोपताना सुरुवात केली, महिन्याने अडीच. पहिल्या दोन आठवड्यांत अंथरुणातून ताडकन उठायचं नाही, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं. पाणी धरतंय का हे बघायचं सगळ्यात सोपं म्हणजे संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर किती खोल उमटतो, अंगठी घट्ट होते का, सकाळी डोळ्यांखाली फुगतं का. मला लोणचं-पापड खाल्लं की दुसऱ्या दिवशी फरक दिसायचा, ते कमी केलं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं, छातीत दुखलं, जिना चढताना दम लागला, आडवं झाल्यावर श्वास अपुरा पडला, तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. हृदयाभोवती पाणी होणं फार क्वचित, पण या औषधाच्या लेबलवर तो इशारा आहे.

सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात, लावायच्या औषधानेही. जुने केस जागा सोडतात म्हणून. बहुतेक जण इथेच घाबरून सोडतात, सोडू नका.

घरात तान्हं बाळ असेल तर लावायचं औषध वाळल्याशिवाय, हात धुतल्याशिवाय त्याला घेऊ नका. स्पेनमध्ये आईवडिलांच्या औषधाचा संपर्क होऊन बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत. आणि मांजर पाळलेली असेल तर जास्तच जपा, मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, उशीच्या अभ्र्याला लागलेलं चाटलं तरी धोका असतो.

मूल हवं असेल तेव्हा

फिनास्टेराइड घेणाऱ्याच्या वीर्यातून बाळाला धोका होईल एवढं औषध जात नाही असं मानतात, पण काहींचा शुक्राणूंचा काउंट खाली येतो आणि गोळी बंद केल्यावर वर येतो, आधीच काउंट कमी असलेल्यांमध्ये तर फरक मोठा दिसलाय. आमचं वर्षभर जमत नव्हतं तेव्हा तपासण्या फक्त बायकोच्या चालू होत्या, मी गोळी घेतो हे गायनॅकला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर मी सात महिने बंद केली. तुम्ही पहिल्याच भेटीत सांगा, आणि शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात तेव्हा तेवढं आधी थांबा.

किती दिवस, आणि सोडायची कशी

तीन महिन्यांत काही दिसत नाही. सहा महिन्यांत गळणं थांबल्यासारखं वाटतं. निकाल वर्षाने, पहिल्या महिन्याचा आणि बाराव्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवून, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी दाखवून. वर्षात काहीच फरक नाही, गळणंही तसंच, तर पुढे घेत राहण्यात अर्थ कमी.

बंद केलीत तर जे टिकलं ते साधारण वर्षभरात जातं, म्हणजे गोळी नसती तर जिथे असता तिथे येता. फिनास्टेराइड हळूहळू कमी करत सोडायची गरज नसते. मिनॉक्सिडिल सोडल्यावर तीन-चार महिन्यांत चांगलीच गळती होते, तेव्हा पोराच्या मुंजीच्या किंवा स्वतःच्या लग्नाच्या आधी ते प्रयोग करू नका.

बाकी कोणाकोणाला सांगायचं

पन्नाशीच्या आसपास हेल्थ चेकअपमध्ये पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय बघायची रक्ताची टेस्ट होते. फिनास्टेराइडने पीएसए साधारण निम्मं दिसतं, केसांच्या १ मिलिग्रॅमनेही. रिपोर्टवर नॉर्मल आलं म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि खरा आकडा दुप्पट असतो. म्हणून फॉर्मवर औषध लिहायचं, आणि डॉक्टरला तोंडी पण सांगायचं.

आणि रक्तदान. गणपतीत आमच्या सोसायटीत शिबिर असतं, मी पाच वर्षं दरवेळी रक्त दिलं, कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, मला माहीतच नव्हतं. हे रक्त गरोदर बाईला चढू शकतं, म्हणून फिनास्टेराइड बंद करून महिना होईपर्यंत आणि ड्युटास्टेराइड बंद करून सहा महिने होईपर्यंत रक्त द्यायचं नसतं. आता मी शिबिराच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर बसतो आणि फॉर्म भरणाऱ्या पोरांना बाकीच्या प्रश्नांबरोबर हे पण विचारतो. मागच्या वर्षी दोघे निघाले.